दोह्याच्या समुद्रात अडकलेला कांदा

विमान दोह्याला उतरायला लागलं तेव्हा खिडकीतून आधी समुद्र दिसला आणि मग त्यात उभी असलेली जहाजं. पंचवीस-तीस तरी असतील. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, आणि हलत एकही नव्हतं. त्यांतल्या एकात आमच्या निफाड तालुक्यातल्या शेतकरी संघाचा कांदा होता. मुंबईहून निघून त्याला चाळीस दिवस झाले होते. हा समुद्रप्रवास खरं तर सहा दिवसांचा.

सत्तरच्या दशकाच्या मधली ही वर्षं. तेलाचे भाव चढले होते आणि आखातातला प्रत्येक देश एकदमच सिमेंट, लोखंड, तांदूळ मागवत होता. बंदरं तुंबली होती. संघाचा चिटणीस म्हणून मला कांद्याच्या मागे धाडलं होतं, जणू मी हाक मारली की जहाज धक्क्याला येणार होतं.

विमानतळावर रंगनाथ घ्यायला आला होता. आमच्याच गावचा, इथे एका व्यापाऱ्याकडे ट्रक चालवणारा. मी वाळवंट म्हणून नुसत्या सदऱ्यावर आलो होतो आणि बाहेर जानेवारीचा वारा हाडं फोडत होता.

"आण्णा, सोटर नाय आणलं?" तो हसला. "तुमाला काय वाटलं, हितं बारमाही उन्हाळा?"

त्याने स्वतःचा स्वेटर काढून मला दिला. तो अंगात चढवताना मला बरं वाटलं नाही. कारण हा सगळा व्यवहार त्याच्या शब्दावर उभा होता. सुट्टीहून परतताना त्याने ट्रंकेतून घरचा कांदा आणला, तो अर्बाबला (मालकाला) आवडला, आणि रंगनाथने छातीवर हात ठेवून सांगितलं की आमचा कांदा दोन महिने नासत नाही. तेवढ्यावर अर्बाबने संघाकडे मागणी नोंदवली. अर्बाबच त्याचा कफील (जामीन राहणारा मालक) होता. त्याची मर्जी गेली की देशात राहणंच संपलं.

"कांदा बिघडला तर मला घरी धाडंल," गाडी चालवता चालवता तो म्हणाला. "दोन बहिणींची लग्नं व्हायचीत, आण्णा. बिघडला नाय पायजे."

मुशैरिब भागातल्या एका खोलीत तो आणि आणखी पाच जण राहत. दुपारी भात आणि तळलेला मासा होता. रंगनाथने बुक्कीने कांदा फोडून माझ्या ताटात ठेवला. मी एक पाकळी तोंडात टाकली. पाणचट, गोडूस.

"कुठला रे हा?"

"तुर्कस्तानचा. ट्रकनी येतो. तीन-चार देशांची धूळ खात, सौदीतून, सलवाच्या सरहद्दीच्या नाक्यावरनं."

दुसऱ्या दिवशी बाजारात मी ते ट्रक पाहिले. धुळीने माखलेले, ताडपत्र्या फाटलेल्या, आणि मागे पोत्यांच्या थप्प्या. भाव आमच्यापेक्षा चढा, चव निम्मी, आणि माल हातोहात खपत होता. आमच्या कांद्याची जात, तिखटपणा, स्वस्ताई सगळं खरं. पण जो पोचतो त्याचाच बाजार. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेला हा देश त्या दिवसांत खुष्कीच्या वाटेने जेवत होता, आणि आम्ही समुद्रातून त्याच्या दारात येऊन उपाशी उभे होतो. मला भयंकर राग आला, आणि कोणावर काढावा ते कळेना.

मी रोज किनाऱ्यावर जाऊन आमचं जहाज पाहायचो. बंदराच्या कचेरीतला कारकून रोज तेच सांगायचा, "इन्शाल्ला, परसों." सहाव्या दिवशी अर्बाबने खटपट करून एक बार्ज (सपाट तळाची मालवाहू होडी) जहाजाला लावला. संध्याकाळी तो जुन्या धक्क्याला आला. वास त्याच्याही आधी आला.

पोती खालून ओली होती. रंगनाथने एकाची शिवण उसवली, कांदा काढला आणि त्याची मान अंगठ्याने दाबली. अंगठा आत गेला. दुसरा, तिसरा, चौथा, तेच. मग त्याने वर माझ्याकडे पाहिलं. शेतकऱ्याचा मुलगा तो, त्याला सांगायची गरज नव्हती.

कांदा उपटला की पातीसकट शेतात पसरून ठेवायचा, मान पुरती सुकली की मगच पात कापायची. आमच्याकडे पोराबाळांनाही हे ठाऊक असतं. पण जहाजाची तारीख जवळ आली होती. सहा दिवसांचा तर प्रवास, वाटेत वाळेल, असं म्हणून ओल्या मानेनेच कापायला मी सांगितलं होतं. मीच. एवढ्या दिवसांत बंद जहाजात वाळलेल्या कांद्यातलाही काही नासला असता, पण निम्मा तरी वाचला असता.

अर्बाब नाकाला रुमाल लावून उभा होता. "रंगनाथ, तू बोला था दो महिना खराब नहीं होगा."

"जहाज लेट हुआ, अर्बाब."

"जहाज तो सबका लेट है. मैंने जहाज नहीं पूछा, तेरे को पूछा."

रंगनाथने हातातला कांदा पोत्यात परत टाकला. खरं काय ते बोलायला मी तिथेच, चार हातांवर होतो. पण संघाचं नाव जाईल, पुढची मागणी जाईल, असा हिशेब मनात मांडत राहिलो. अर्बाबने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी समुद्राकडे हात करून म्हणालो, "क्या करें, पोर्ट का हाल ऐसा है."

"खलास," तो म्हणाला. पोती पुन्हा बार्जवर चढली आणि खोल पाण्यात टाकायला गेली.

आठवड्याने आम्ही दोघं एकाच विमानाने परतलो. रंगनाथने वाटेत कांद्याचा विषय काढला नाही. संघाच्या सभेत मी बंदराची, ट्रकांची सगळी हकीकत सांगितली. त्यात एक शब्द खोटा नव्हता. कोणीतरी दाराशी उभ्या असलेल्या रंगनाथला विचारलं. "व्हय, बंदरच वाईट," एवढंच तो बोलला. सभेने बंदराला शिव्या घातल्या. पुढची मागणी कधी आलीच नाही.

दोन दिवसांनी त्याच्या वडिलांनी मला घरी बोलावलं. मी बोलणी खायच्या तयारीने गेलो. म्हाताऱ्याने घोंगडी अंथरली, मुलीला चहा टाकायला सांगितलं आणि माझ्यापुढे हात जोडले.

"आण्णा, परक्या मुलखात पोराला एकटं सोडलं नाय तुमी. संगं घेऊन आले. लई उपकार झाले."

रंगनाथ भिंतीशी बसून जमिनीकडे पाहत होता. मी चहा संपवला आणि उठलो.