राग आल्याचं सांगणाऱ्या आक्का

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी ताडकळसच्या आठवडी बाजारात होते. "काकू, आई गेली." वांगी तोलून झाली होती. ती पिशवीत घेतली आणि घराकडे निघाले. आक्कांनीही हेच केलं असतं. आक्का म्हणजे मिलिंदची आई, माझ्या थोरल्या जाऊबाई. आमची घरं एकाच अंगणात, त्यामुळे त्यांचा राग मी फार जवळून पाहिला. एका पेरणीला बियाणं उशिरा आणलं म्हणून त्यांनी सोयाबीनचं अख्खं पोतं अंगणात उलटं केलं होतं. मग आम्हीच दोघी दिवस मावळेपर्यंत कोंबड्या हाकलत दाणे वेचत बसलो. विहारातले भन्तेजी म्हणाले, "बाई, वंदना तुम्हाला तोंडपाठ आहे. आता जरा आत बघा." तेव्हा त्या विपश्यनेच्या शिबिराला गेल्या.

परत आल्या त्या शांत होऊन, असं लिहिलं तर खोटं होईल. राग यायचाच. फरक एवढाच की आता तो आल्याचं त्या मोठ्यानं सांगायच्या. हातातलं काम थांबवून, डोळे मिटून... "राग आलाय. कान गरम झालेत." शिबिरात हे मनातल्या मनात बघायला शिकवलं होतं, पण आक्कांना मनातल्या मनात काही करणं कधी जमलंच नाही. सून सुजाता चुलीपासून ओरडायची, "गेला की सांगा आत्याबाई, मग चहा टाकते." "जायलाय. टाक तू." गल्लीतल्या बायका चिडवायच्या, "आक्का, आज पारा किती हाय?" हसू देत. त्या घरातून भांडं आपटल्याचा आवाज येणं बंद झालं, हे मी शेजारी राहून सांगते.

मग पोटाचं दुखणं निघालं. नांदेडच्या डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. कुणीतरी टोमणा मारला, "ध्यानवाल्यांना गोळी कशाला लागते?" आक्का म्हणाल्या, "दुखायलंय हे नीट कळायलंय, म्हणूनच मागायलेय. आण इकडं." त्याच दिवसांत सुजाताला कोकणातल्या सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. परीक्षा देऊन देऊन मिळालेली. आक्का नुसतं "नको जाऊ" म्हणाल्या असत्या तर ती गेली नसती, आणि तशी नोकरी पुन्हा मिळाली नसती. मला तर वाटत होतं, त्यांनी म्हणावं. दुखणाईत माणसाचं करायला घरात बाई नको का? सुजातानं सांगितलं तेव्हा आक्का शेंगा फोडत होत्या. हात थांबले. आम्ही नेहमीच्या शब्दांची वाट पाहत राहिलो...

"भेव वाटायलंय," त्या म्हणाल्या. "राग न्हाई ह्यो. भेव हाय. छातीत बसलंय."

"मग राहू का मी?"

"काय वाटायलंय ते सांगितलं. राहा कुठं म्हणलं? ब्याग भर."

सुजाता नोकरीवर गेली. आक्कांचं मिलिंदनं आणि मी केलं. आक्का गेल्या तेव्हा सुजाता मातीला कशीबशी पोहोचली. आक्कांच्या नावानं पुण्यानुमोदन होतं त्या दिवशी पाहुण्यांतली एक बाई तिला ऐकू जाईल अशी बोललीच, "सासूला मरायला टाकून गेली." सुजाता उष्टी ताटं उचलत राहिली. पाहुणे पांगल्यावर मला म्हणाली, "काकू, शेवटी त्यांनी बोलावलं होतं का मला?"

जे घडलं ते सांगितलं. "तुझं नाव घेतलं. मी फोन लावायला लागले तर हात धरला माझा. म्हणाल्या, 'तिला बोलवावं वाटायलंय, एवढंच. बोलवायचं न्हाई. ड्युटी होऊ दे तिची.'" तेव्हा ती रडली. चांगली रडली.

कोकणात गेल्यापासून सुजाता रोज ड्युटी संपली की आक्कांना फोन करायची. बोलणं फारसं नसे. दोघी फोन कानाला लावून नुसत्या बसून राहत. आता तो फोन मला येतो. मला ध्यानबिन जमत नाही. मी भाजी निवडत असते, ती बाजूला सारते. तिकडून बसस्टँडचा गलबला ऐकू येतो, मधूनच तिचा श्वास... बस आली की ती म्हणते, "काकू, ठेवते." मग मी पुन्हा भाजीला लागते.