दारफाळणीचा सण आणि सकाळचं इन्सुलिन

"तोंडाला काही लावू नका, डॉक्टर. आज नाही!" पेशंटने सिस्टरचा हात झटकला. ग्लुकोजच्या पाण्याचा ग्लास फरशीवर फुटला.

वसमतच्या माझ्या दवाखान्यात दुपारची ओपीडी चालू होती. पेशंट दानियल पेणकर, साखर कारखान्याच्या बॉयलर दुरुस्तीसाठी अलिबागहून आलेले इंजिनिअर. अंग घामाने चिंब, हात थरथरत होते. शुगर तपासली, चाळीसच्याही खाली. याला आम्ही 'हायपो' म्हणतो. रक्तातली साखर इतकी उतरते की मेंदूच उपाशी पडतो. उशीर झाला की फिट, मग कोमा.

"जेवले कधी?"

"कालपासून पाण्याचा थेंब न्हाई, मॅडम," त्यांना जीपमधून घेऊन आलेले घरमालक म्हणाले. "दार लावून बसले व्हते."

"आणि इन्सुलिन?"

"सकाळी घेतलं," पेणकर पुटपुटले. "सुई म्हणजे काही अन्न नव्हे."

मी हादरलेच. इन्सुलिन पूर्ण, आणि पोटात काहीच नाही!

"कसला उपवास हा?"

"आम्ही ज्यू," सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी रिबेकाबाई म्हणाल्या. "आज योम किप्पूर. दारं लावून घरात बसायचं, म्हणून कोकणात आम्ही याला दारफाळणीचा सण म्हणतो. चुकांची माफी मागायचा दिवस. काल सूर्य मावळायच्या आत धरला, आज चांदण्या दिसल्या की सुटेल."

चांदण्या! बाहेर रणरणतं ऊन होतं. मी शिरेतून ग्लुकोज द्यायला गेले, तर त्यांनी हात मागे ओढला.

"दानियल!" रिबेकाबाई कडाडल्या. "जिवावर बेतलं तर उपवास मोडायचा, हा आपल्या धर्माचाच हुकूम आहे. द्या मॅडम, मी धरते हात."

त्यांनी तो धरला, मी ग्लुकोज सोडलं. काही मिनिटांत पेणकर नीट बोलायला लागले. मग बिस्किटंही खाल्ली, रडत रडत.

संध्याकाळी निघताना त्यांनी विचारलं, "त्या सिस्टर कुठायत?" कांबळे सिस्टर आल्या. पेणकरांनी हात जोडले. "ताई, चुकलो. माणसाचा केलेला अपराध त्या माणसानेच माफ करायचा असतो. देव परस्पर करत नाही."

सिस्टरनीही हात जोडले. "व्हय सर, केलं माफ," एवढंच म्हणाल्या. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "मॅडम, लोकं शिव्या देतात, अंगावर येतात. माफी कुणीच न्हाई मागितली आजवर."

मलाही एक तरी प्रसंग आठवेना.

तेव्हापासून शुगरच्या पेशंटला मी नुसतं "उपवास करता का?" असं विचारत नाही. कधी धरता, कधी सोडता आणि त्या दिवशी सुईचं काय करता, हे तिन्ही विचारते. देवाचं देव बघेल. डोस मला बघावा लागतो.