आबा वेळेवर पोचले

आमचे आबा आयुष्यभर वेळेचे पक्के. स्वतःच्या अंत्ययात्रेलाही ते ठरल्या स्मशानात ठरल्या वेळी पोचले. चुकलो ते आम्ही.

(आम्ही म्हणजे मी. पण अख्खं घराणं माझ्यामागून आलं, म्हणून अनेकवचन.)

आबा एक्याण्णवाव्या वर्षी झोपेतच गेले. रडण्यापेक्षा हात जोडावेत असं मरण! अडचण आबांची नव्हतीच, त्यांच्या दोन मुलांची होती. थोरले माझे वडील, त्यांना आम्ही सगळेच दादा म्हणतो. आणि धाकटे काका. दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण? माझ्या बहिणीच्या लग्नात काकांना मानाचा फेटा बांधायचा राहून गेला!

शववाहिनी दारात आली. काका आबांपाशी आत जाऊन बसले. अग्नीचं मडकं धरून दादा बाहेरच अडले.

"तो बसला असंल तर मी नाय बसत," दादा मला म्हणाले.

"त्याला सांग, मी उठत नसतो," काकाही मलाच म्हणाले. (दोघांमध्ये अंतर दोन हात!)

मग मी डोकं चालवलं. सगळं बिघडलं ते इथून.

"दादा, तुम्ही माझ्या मोपेडवर बसा. आपण गाडीच्या मागं मागं जाऊ."

निघालो. पुढं शववाहिनी, मागं मी, माझ्यामागं मडकं धरलेले दादा आणि त्यांच्यामागं फुलंब्रीहून आलेल्या नातेवाइकांचा भरगच्च टेम्पो.

गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या गठ्ठ्यांची हातगाडी आडवी आली. मोपेड थांबली की मडक्यातला धूर थेट माझ्या डोळ्यांत! डोळे चोळून बघतो तर समोर पांढरी गाडी, झेंडूच्या माळा. घातली मोपेड तिच्यामागं.

"संज्या, आपलीच का रे ही?"

"दादा, आपली गाडी मला वळखू येत नाय व्हय?"

"मग इकडं कुठं चालली?"

"ड्रायव्हरला जवळचा रस्ता माहीत असंल!"

स्मशानात गाडीचं मागचं दार उघडलं. आत काका दिसले नाहीत; आधीच उतरून पुढं गेले असतील, असं मला वाटलं. दादांनी मडकं माझ्या हातात दिलं आणि नऊ वर्षांचा बांध फुटला. फुलांतून दिसणाऱ्या पायांवर त्यांनी डोकंच ठेवलं.

"माझं लई चुकलं हो! एका फेट्यापायी सख्ख्या भावाला तोडलं मी! उद्याच्या उद्या त्याच्या दारी जातो!"

टेम्पोतली मंडळी हुंदके द्यायला लागली. मी तर भोकाडच पसरलं. तेवढ्यात दादांनी मान वर केली.

"संज्या," ते कुजबुजले, "आबांच्या पायात जोडवी कशी रे?"

मी फुलं जरा बाजूला सारली. हिरवं लुगडं. हिरव्या बांगड्या!

शेजारी उभे असलेले एक म्हातारबाबा मघापासून दादांकडं टक लावून बघत होते. "मी हिचा नवरा," ते हळूच म्हणाले. "तुमची नि हिची वळख कुठली?"

दादांचा चेहरा पांढराफटक! "नाय हो, आमचे आबा... म्हणजे ते पुरुष... ह्या कार्ट्यानं गाडी चुकवली!"

म्हातारबाबांनी सगळं ऐकून घेतलं. त्या दुःखातही त्यांच्या मिशीत हसू हललं. "जा, आधी बापाकडं जा. पर भावाच्या दारी खरंच जा बरं का. माझ्या बायकोच्या पायाला हात लावून बोललात तुमी."

दादांनी त्यांचे हात हातात घेतले, आणि आम्ही सुटलो!

दुसऱ्या स्मशानात काका आबांच्या उशाशी एकटेच बसले होते. शववाहिनीचे ड्रायव्हर सलीमभाई माझ्यावर धावून आले. "किधर थे मियाँ? दो जने मय्यत कैसा उठाते? घंटा हुआ बैठे बैठे!"

काका उठले. आता भडकणार, असं मला वाटलं. पण ते सरळ दादांपुढं येऊन उभे राहिले.

"दादा, मला वाटलं, तू माझ्यामुळं आलाच नाय."

नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य!

"आलो रे," दादा म्हणाले. "दुसऱ्याच्या बायकोच्या पाया पडून आलो!"

काकांना हसू फुटलं, त्यातच रडू, आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. शांत झाल्यावर दोघांनी एकदमच माझ्याकडं मान वळवली.

"गाढव हाय हा!" काका म्हणाले.

"पहिल्यापासून!" दादा म्हणाले.

आबांना दोन्ही मुलांनी, सलीमभाईंनी आणि फुलंब्रीच्या मामांनी खांदा दिला. (मला कुणी पुढं येऊ दिलं नाही. म्हणे, तिरडी घेऊन परत फाटकाबाहेर जाईल!)

आता दादा-काका दोघं ऐंशीच्या पुढं आहेत, रोज संध्याकाळी एकत्र चहा पितात. परवा डॉक्टरांनी काकांना विचारलं, "या वयात एवढी ठणठणीत तब्येत! रहस्य काय?"

काकांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "जायला आमची ना नाय, डॉक्टरसाहेब. पर पोचवायला हा हाय ना! त्या धास्तीनं थांबलोय दोघं."