भगवंतराव पुढंपाहा

भगवंतरावांनी आयुष्यात तीनशेच्या वर गोष्टी लिहिल्या आणि एकीचाही शेवट लिहिला नाही. ऐकून तुम्हाला वाटेल, कोणी मोठा साहित्यिक असेल. छे! अमरावतीत आमच्या प्रेसात ते प्रुफं तपासायचे, आणि टॉकीजला नवा सिनेमा लागला की गाण्यांच्या चोपडीत पहिल्या पानावर जे कथासार असतं ना, ते लिहायचे. मी मोतीराम, त्याच प्रेसात कंपोझिटर. त्यांचं अक्षर साऱ्या प्रेसात फक्त मला लागायचं.

कथासाराची एक रीत होती. गोष्ट चांगली रंगवत आणायची, नायिका रुळावर बांधलेली, गाडी शिट्ट्या मारत येऊन राहिली, आणि नेमकं तिथं थांबून लिहायचं, 'पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा.' ही ओळ मी इतक्या वेळा जुळवली की पुढं पुढं तिचे शिशाचे खिळे सोडून परत खणात टाकणंच बंद केलं. सुतळीनं बांधून ओळ तशीच ठेवायची, चोपडी आली की लावायची. गावानं भगवंतरावांचं नावच पाडलं, पुढंपाहा.

शेवट त्यांना माहीत नसायचा असं नाही हं. सिनेमा कंपनीच्या मुंबईच्या कचेरीतून दर सिनेमासोबत एक टाईप केलेला कागद यायचा. त्यात सगळी गोष्ट, शेवटासकट. हेतू हा, की लिहिणाऱ्याला कुठं थांबायचं ते समजावं. भगवंतराव तो कागद वाचून कोटाच्या आतल्या खिशात घालत, आणि मग जीव गेला तरी बोलत नसत. घरी त्यांची बायको मैनाबाई भाकरी थापता थापता विचारायची, "मंग थ्या पोरीचं काय झालं वो?" हे म्हणायचे, "पडद्यावर पाहा." त्या माउलीला टॉकीजात नेतं कोण? एकदा माझ्यासमोर ती वैतागून म्हणाली, "मोतीरामभाऊ, माह्या डोक्शात शंभरक पोरी रुळावर बांधून हायेत. कोणी सोडवूनच नाई राहिलं."

मग सहासष्ट साली संक्रांतीच्या सुमारास तो सिनेमा आला. त्याचं खरं नाव कोणाच्या ध्यानात राहिलं नाही, कारण त्यातलं अंतराळयान थेट तेलाच्या पिंपासारखं होतं. सगळे त्याला पिंपाचा सिनेमा म्हणत. एक शास्त्रज्ञ पिंपात बसून दूरच्या ग्रहावर जातो, बारा वर्षांनी परत येतो, आपल्या घराचं दार वाजवतो. आतून आवाज येतो, "कोण आहे?" आणि तो आवाज त्याचा स्वतःचाच असतो! पडदा काळा. समाप्त.

पहिल्याच खेळाला लोक उठून, खुर्च्या वाजवून ओरडले, "अबे, पुढची रीळ लाव!" मॅनेजर पडद्यासमोर येऊन हात जोडून म्हणाला की रीळ संपली, सिनेमा एवढाच आहे. तेव्हा लोकांनी मोर्चा वळवला आमच्या प्रेसाकडं. अकोल्याहून खास सिनेमा पाहायला आलेला एक सरकी-व्यापारी चोपडी भगवंतरावांच्या नाकासमोर नाचवत म्हणाला, "तुमी लिवलं पडद्यावर पाहा. पाह्यलं. पडद्यावर काईच नाई. आता कुठं पाहू, सांगा!"

तो गेल्यावर भगवंतरावांनी मला मशीनमागं नेलं आणि खिशातला कागद दाखवला. सगळी गोष्ट टाईप केलेली, आणि खाली, जिथं शेवट असायचा तिथं, पेन्सिलीनं खरडलेली एक ओळ: 'अंत अभी सोचा नहीं. फ़िलहाल दरवाज़े पर रोक दो.'

मी हसून हसून लोळायचा बाकी होतो. म्हटलं, "भगवंतराव, हे छापून टाकू!" ते म्हणाले, "शेवट फोडनं आपल्या धंद्यात बसत नाई." मी म्हटलं, "पण याच्यात शेवट हायेच कुठं फोडाले?" त्यांनी कागदाची घडी केली आणि परत खिशात घातली.

मला खरंच राग आला होता. अहो, छप्पन साली आम्ही नागपूरला गेलो आणि लाखो लोकांनी एका सकाळी धर्म ठरवला. माझ्या म्हाताऱ्या आईनं, चतुराबाईनं, जिला सही येत नव्हती, तिनं ठरवला. आणि या मुंबईच्या शहाण्यांना दारामागं कोण उभं आहे ते ठरवता येत नाही!

पण गावाचं पाहा. दोन आठवड्यांत वारं फिरलं, आणि ते फिरवलं प्राध्यापक सहदेवरावांनी. हा अंजनगाव सुर्जीच्या खुशालरावांचा मुलगा. बापाची बक्कळ काळी जमीन, मुलगा कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. पुण्यात दोन वर्षं राहून आल्यामुळे आपलं वऱ्हाडी 'काहून' म्हणायचं विसरला होता. त्यानं साप्ताहिकात लेख लिहिला की हा शेवट अपुरा नाही, अथांग आहे. दारामागचा माणूस म्हणजे आपणच, किंवा आपण नाहीच, आणि या दोहोंमधली जी फट, तीच कला.

झालं! ज्यांनी खुर्च्या वाजवल्या तेच वकील, तेच डॉक्टर दुसऱ्यांदा तिकीट काढून बसले आणि काळ्या पडद्याकडे बघून माना डोलवू लागले. समजलं नाही असं म्हणायची लाज, म्हणून सगळे खोल आहे म्हणू लागले. पानवाल्याला मी विचारलं, "चुना हाय का बे?" तर तो लेकाचा म्हणतो, "असन्या-नसन्याच्या फटीत हाय." मी पान न खाताच निघालो.

आता खरी गोष्ट. भगवंतरावांना एकच मुलगी, वच्छला. शिक्षकीची परीक्षा पास झालेली, हुशार, हसरी. होळीच्या आधी तिला पाहायला कोण आलं म्हणता? हेच सहदेवराव, वडिलांना घेऊन. पोरीनं धीटपणानं उत्तरं दिली, मैनाबाईच्या हातच्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या दोघांनी पोटभर खाल्ल्या, आणि उठताना खुशालराव म्हणाले, "कळवतो."

भगवंतराव हरखून गेले. मी कागदाचा विषय काढला की घाईघाईनं म्हणायचे, "मोतीराम, तोंड आवर बाप्पा. पावणे दुखावतीन." म्हणजे ज्या माणसानं आजवर धंद्यासाठी शेवट लपवला तो आता व्याह्यासाठी लपवून राहिला होता!

फाल्गुन गेला, चैत्र गेला. वच्छलाला अकोटच्या शाळेवरची ऑर्डर आली, एक जुलैच्या आत रुजू व्हा, नाहीतर नेमणूक रद्द. भगवंतरावांनी अंजनगावला पत्र टाकलं. सहदेवरावांच्या हातचं उत्तर आलं. मी ते स्वतः वाचलं आहे, म्हणून शब्द न् शब्द सांगतो. 'आपल्या कन्येविषयी विचार चालू आहे. नकार समजू नये. होकार समजण्याचीही घाई करू नये. नोकरीवर रुजू होण्याचे तूर्त स्थगित ठेवावे.'

त्या पत्रावर भगवंतरावांनी तीन दिवस प्रुफासारखी नजर फिरवली. होकार कुठं दडला असेल तर सापडावा म्हणून. दुसरीकडून चांगलं स्थळ आलं, त्याला 'एका ठिकाणी बोलणं चालू आहे' म्हणून परत पाठवलं. शेजारणी विचारायच्या, "काहो, ठरलं का वच्छलाचं?" आणि मैनाबाई पदर तोंडाला लावून आत जायची. वच्छलाचं हसणं बंद झालं. ताटावर बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची आणि उठायची. एक दिवस ती बापाला म्हणाली, "बाबा, हो म्हनले तरी चालीन, नाई म्हनले तरी चालीन. पन असं दारात उभं नका ठेवू मले." भगवंतराव प्रेसात आले, खुर्चीत बसले आणि रडले. मी पहिल्यांदा पाहिलं.

जून महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी वाचनालयात सहदेवरावांचं व्याख्यान होतं. विषय, 'अपूर्णतेचे सौंदर्य'. भगवंतराव म्हणाले, "आज विचारून घेतो. तू संगं चाल." आम्ही मागच्या बाकावर बसलो. पहिल्या रांगेत वकील मंडळी, आणि त्यांच्यात टोपी सरळ करत खुशालराव.

सहदेवराव छान बोलतात, ते नाकारत नाही. म्हणाले, "दारामागे कोण आहे, हा सामान्य प्रेक्षकाचा प्रश्न. कलावंताने आपल्याला दार दिले, हे पुरेसे आहे. उत्तर मागणे हा एक प्रकारचा अडाणीपणाच होय." टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्या आणि माझ्या शेजारचा माणूस उभा राहिला. "साहेब, दारामागं कोन हाय थे मले ठाऊक हाय." सगळ्यांच्या माना वळल्या. पुढंपाहा आणि शेवट सांगणार? भगवंतरावांनी आतल्या खिशातून कागद काढला, कसला आहे ते सांगितलं, आणि खणखणीत वाचलं, "अंत अभी सोचा नहीं. फ़िलहाल दरवाज़े पर रोक दो."

म्हटलं, घ्या, फुटला भोपळा! आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक वकील म्हणाला, "वा!"

सहदेवरावांनी ती संधी झेलली. "मित्रहो! 'अंत अभी सोचा नहीं.' मानवाच्या स्थितीचं याहून गहन वर्णन आपण कधी ऐकलं आहे काय?" पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जास्त! मी कपाळावर हात मारून घेतला. या लोकांना धोब्याच्या हिशेबाचा कागद वाचून दाखवला असता तरी त्यांनी त्यात मानवाची स्थिती शोधली असती.

भगवंतराव बसले नाहीत. म्हणाले, "साहेब, मी तीनशे गोष्टी अर्ध्यावर सोडल्या. पन हरेक गोष्टीचा शेवट मले ठाऊक होता, म्हनून कुठं सोडाचं थे समजे. ज्याले ठाऊकच नाई, थ्यानं सोडलं तं थ्याले आमी पळून जानं म्हनतो. डबक्याचा तळ दिसत नाई, थे गढूळ असते म्हनून. थ्याले कोनी विहीर म्हनते का?"

मागं कोणीतरी हसलं. भगवंतराव थांबले नाहीत. "जाऊ द्या सिनेमाचं. माह्या पोरीचं सांगा. चार महिने झाले, शुक्रवारी तिची नोकरी जाते. हो का नाई?"

खुशालराव टोपी काढून त्या टोपीकडंच बघू लागले. सहदेवरावांनी चष्मा पुसला, परत घातला, परत काढला. "भगवंतराव, ही जागा नव्हे... आणि असं पाहा, काही प्रश्न खुले राहण्यातच त्यांचं..."

"सौंदर्य असते," भगवंतराव म्हणाले. "समजलं. मंग शेवट मी सांगतो. पोरगी देत नाई."

कागद बाकावर ठेवून ते बाहेर पडले. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. मी मागून धावलो. रस्त्यात त्यांनी मला थांबवलं. "मोतीराम, चुकलो का रे मी? पोरीले न विचारता बोलून गेलो. तिच्या मनात असन थो पोरगा, तं?" तो सारा रस्ता मी त्यांचा दंड धरून चाललो.

घरी मैनाबाई चुलीपाशी होती. आमची तोंडं पाहून तिनं विचारलं, "काय झालं वो?" तिला सवयीनं ठाऊक होतं की उत्तर मिळायचं नाही. भगवंतराव कोटासकट खाली बसले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. सहदेवराव काय म्हणाले, वकील काय म्हणाला, आपण काय म्हणालो, टोपी, चष्मा, सगळं. कुठंही न थांबता. "अन् मंग मी म्हनलो, पोरगी देत नाई," असं म्हणून ते संपले.

मैनाबाई हातातला गोळा तसाच धरून ऐकत राहिली होती. वच्छला मधल्या दाराशी उभी होती. भगवंतरावांची वर बघायची हिंमत होईना. "चुकलं असन तं सांग, माय," ते जमिनीकडं बघतच पोरीला म्हणाले.

वच्छला आली आणि बापाच्या शेजारी बसली. "उद्या अकोटची पह्यली गाडी किती वाजता हाय बाबा?" तिनं विचारलं. मग आईकडं वळून म्हणाली, "माय, वाढ वं. लय भूक लागली."

मैनाबाईनं डोळे पुसले आणि तव्यावर भाकरी टाकली. पोरगी जेवत होती तोवर भगवंतराव तिच्या शेजारून उठले नाहीत.