महागड्या डब्यातले चेंडू

परवा कुवेंपुनगरच्या माझ्या भाच्यानं विचारलं, "मावशी, गोल्फचे ते महागडे चेंडू खरंच घ्यावेत का गं? का सगळे सारखेच?" नुकताच खेळायला लागलाय तो. मी एवढी अंगावर धावून गेले, की बिचारा कॉफी तशीच ठेवून उठला. त्याचं काही चुकलं नव्हतं. हाच प्रश्न मला पूर्वी एकदा पडला होता, आणि त्याचं उत्तर मी कुणाला न विचारता देऊन बसले होते.

आमचे हे बँकेतून निवृत्त झाले आणि चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी रोज सकाळी गोल्फ खेळायला जाऊ लागले. आमचे पूर्वज महाराजांच्या फौजेत घोड्यावर बसले म्हणतात. काठी घेऊन चेंडूमागं हिंडलेलं कुणी ऐकिवात नाही. मी म्हणायची, "अय्यो री, या वयात विटीदांडू का हो?" हे नुसते हसायचे. खेळा बापडे! पण चेंडू आणायचे ते सगळ्यात महागाचे. एका डब्याच्या किमतीत घरचा महिन्याचा किराणा आला असता. साध्या चेंडूनं काय बिघडतं, असं विचारलं की म्हणायचे, "हाताला फरक कळतो गं."

फरक कळतो म्हणे! ह्यांच्या जिभेला तरी कुठं कळत होता? कॉफीत चिकोरी म्हणजे पाप, असं ह्यांचं मत. आणि माझ्या सासूबाई, चामराजपुरमच्या ह्याच घरात, शुद्ध कॉफीच्या डब्यात बिनदिक्कत चिकोरी मिसळायच्या. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ते शिकवलं. डबा तोच ठेवायचा आणि आपण सुम्ने राहायचं, गप्प. अष्टे, बस्स एवढंच! हे ती कॉफी मिटक्या मारत प्यायचे आणि वर म्हणायचे, शुद्ध ती शुद्धच. मग चेंडूचं काय एवढं?

मैदानाच्या फाटकाशी एक जण जुने चेंडू विकायचा. तळ्यात बुडालेले, झुडपात हरवलेले चेंडू वेचून, धुऊन, वर रंग मारून. कंपनीचं नावसुद्धा पुन्हा छापलेलं. नव्याच्या शेजारी ठेवला तर ओळखू येऊ नये. ह्यांनी आणून ठेवलेले दोन डबे मी त्याच्याकडे नेले, आतले चेंडू बदलून घेतले, वर थोडे पैसेही मिळाले. डबे होते तसे कपाटात ठेवून दिले. काय शहाणी मी! दिवसभर स्वतःवरच खूश होते.

महिनाभरानं हे एका सकाळी लवकर परतले आणि बूट न काढताच व्हरांड्यात बसले. "आज पुन्हा तळ्यात गेला," म्हणाले. "पूर्वी डोळे मिटून मारला तरी पलीकडं पडायचा."

मी चाचरत म्हटलं, "चेंडूच खराब असेल."

"छे गं. चेंडू सगळ्यात चांगला आहे. माझा हातच गेला."

तिथंच सांगायचं होतं. पण वाटलं, रागावतील, मित्रांत हसं होईल, सासूबाईंचं ते जुनं प्रकरणही बाहेर निघेल. म्हटलं, पुढचा डबा येईल तो खराच राहू देऊ, आपोआप ठीक होईल. पुढचा डबा आलाच नाही. ह्यांनी काठ्यांची पिशवी, उरलेल्या चेंडूंसकट, एका मित्राला देऊन टाकली.

डॉक्टरांनी हात तपासला, काहीही नाही म्हणाले. हे म्हणाले, त्यांना काय कळतंय, माझा हात मला ठाऊक. मग स्कूटर सोडली. मग सकाळी फिरायला जाणंही. धडधाकट माणूस माझ्या डोळ्यांदेखत म्हातारा होत गेला, आणि मी मेली रोज उद्यावर ढकलत राहिले.

एके दिवशी एका लग्नाला निघालो होतो. हे आरशासमोर शर्ट घालून उभे होते. म्हणाले, "बटणं तेवढी लावून देतेस का? हात थरथरेल अशी भीती वाटते." मला हुंदकाच फुटला. सगळं सांगितलं. कॉफी, चेंडू, फाटकाजवळचा माणूस, सगळं. "चला, आत्ता त्यालाच विचारा! तुमच्या हाताला काही झालेलं नाही हो!"

हे शांतपणे ऐकत होते. रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. रागावले असते तर पाय धरले असते. तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "साकु, साकु. पुरे झालं. माझं मन राखायला किती रचतेस गं? इतक्या वर्षांत माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस. आता ह्या हातासाठी नको बोलूस."

मी देवाची शपथ घेतली. लेकराची घेतली. हे हसले आणि बटणांसाठी हनुवटी वर करून उभे राहिले. मी बटणं लावली. पुढं वर्षभर, हे होते तोवर, रोज लावली.