तेल कमी करा, म्हणजे नेमकं किती?

"खोका बघू," डॉक्टर म्हणाले.

मी खोकले. बेंबीच्या जरा वर त्यांनी दोन बोटं ठेवली होती. त्या बोटांखाली काहीतरी टपकन पुढे आलं आणि परत आत गेलं. डॉक्टरांनी हात धुतले, टॉवेलला पुसले आणि माझ्याकडे न बघता कागदावर लिहीत म्हणाले, "बाई, हा अम्बिलिकल हर्निया आहे."

अम्बिलिकल म्हणजे बेंबीचा. बाळंतपणांनी आणि वाढलेल्या वजनाने बेंबीजवळचं पोटाचं आवरण सैल होतं, त्याला भोक पडतं. खोकलं, शिंकलं, हंडा उचलला की आतली चरबी किंवा आतडं त्या भोकातून बाहेर डोकावतं. आडवं झालं की आत जातं. औषधाने हे भोक बुजत नाही. टाके घालूनच बुजवावं लागतं.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी महाडला राहायची आणि पोलादपूरच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. वय अडतीस, मुली दोन, वजन एक्क्याऐंशी किलो. पोटावरचा तो लिंबाएवढा फुगा दोन वर्षं मी पदराखाली लपवला होता. वर्गातल्या मुली हुशार, त्यांच्या नजरेला काही पडू नये म्हणून फळ्याकडे जातानाही पुस्तक पोटाशी धरायची. नवऱ्यालाही नीट सांगितलं नव्हतं. दुखत नव्हतं ना, मग कशाला सांगायचं, असं वाटायचं. हे लिहायचं कारणच ते. माझ्यासारख्या पदराखाली लपवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत.

मला वाटलं होतं, डॉक्टर ऑपरेशनची तारीख देतील. त्यांनी दिला वजनकाटा.

"एवढ्या चरबीत टाके धरत नाहीत. धरले तरी वर्षभरात परत सुटतील. भूल द्यायलाही धोका. आधी दहा किलो कमी करा, मग या."

"कसं करू?"

"तेल-तूप कमी करा, भात कमी करा, चाला."

बाहेर बाकावर पंधरा-वीस माणसं बसली होती. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली आणि मी उठले. त्या दिवशी आणखी एक प्रश्न विचारला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

घरी स्वयंपाक सासूबाई करायच्या. मी सकाळच्या एसटीने जायची, संध्याकाळी यायची. घर त्यांनीच धरून ठेवलं होतं. मी जाहीर केलं की आजपासून माझ्या भाजीत तेल अर्धं. त्यांनी ऐकून घेतलं. महिनाभर मी तसं केलं आणि वजन केवढं उतरलं, तर पाऊण किलो. मला रडूच आलं. डाळीत ओलं खोबरं होतं, सुकटीच्या कालवणात खोबऱ्याचं वाटण होतं, चटणीत शेंगदाणे होते. मी ते सगळं पोटभर खात होते आणि तेलाच्या बरणीकडे तेवढी रागाने बघत होते. खोबरं आणि दाणे म्हणजेही तेलच, हे डोक्यात आलंच नव्हतं.

ते डोक्यात आणून दिलं शाळेतल्या एका बाईंनी. त्यांच्या भावजयीने म्हणे तेलाचा थेंब सोडून दोन महिन्यांत बारा किलो उतरवले होते. "खोबरं-दाणे म्हणजेही तेलच की. अर्धवट काही करू नका. बंद म्हणजे बंद."

मी बंद केलं. तेल, तूप, खोबरं, दाणे, दूध, मासे, सगळं. भातही जवळजवळ सोडला. सकाळी कोरा चहा, दुपारी नाचणीची एक भाकरी आणि पाण्यात उकडलेला दुधी, रात्री पुन्हा तेच. एसटीत लघवीची पंचाईत नको म्हणून पाणी मी आधीपासूनच कमी प्यायची. आता माझी भाजी मी वेगळी उकडू लागले.

सासूबाईंनी चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी त्या चुलीपाशी बसल्या आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "माझ्या हातचं तुला आता चालत नाय, असंच ना?"

"तसं नाही आई. डॉक्टरांनी सांगितलंय."

"आमच्या वाड्यात तेल सणाला दिसायचं गो. तेबी एक पळी, सगळ्यांत मिळून. पोरांच्या डोक्याला लावायला नसायचं, खायाला कुठलं? बाबासाहेबांच्या पुण्याईनं तू शिकलीस, घरात तेलाचा डबा आला. आता आलाय तर तू त्याचं तोंड बघायची नायस?"

मला त्यांचा राग आला होता. त्यांना किती लागलं होतं ते मला पुष्कळ उशिरा समजलं. ज्या घरात तेल नसणं ही गरिबी होती, त्या घरात मी ते मुद्दाम नाकारत होते.

वजन मात्र भराभर उतरू लागलं. एकोणऐंशी, सत्त्याहत्तर, पंच्याहत्तर. बाजारपेठेतल्या दुकानदाराच्या काट्यावर दर रविवारी उभी राहायची आणि हरखून घरी यायची. केस विंचरताना फणी भरून यायची, तिकडे दुर्लक्ष केलं. हातापायांची कातडी पांढरी पडून फाटू लागली. वर्गात पाढे म्हणून घेताना मधेच चक्कर यायची. माझी धाकटी सुजाता तेव्हा दहा वर्षांची. ती एकदा म्हणाली, "आई, तू हल्ली सारखी ओरडतेस." मी तिलाही ओरडले.

आणि पोट साफ होईना. दोन दोन, तीन तीन दिवस. हे कुणाला सांगायचं? संडासात बसून जोर करायची, घामाघूम व्हायची. दर वेळी तो फुगा बाहेर यायचा. मी हाताने दाबून आत सारायची आणि साडी नेसून एसटी पकडायची.

दीड महिना झाला असेल. एका सकाळी असाच जोर केला आणि फुगा आत जाईना.

आडवी झाले, दाबलं, वाट बघितली. तो दगडासारखा घट्ट झाला होता. मग कळा सुरू झाल्या, लाटेसारख्या येणाऱ्या. दोनदा उलटी झाली. सासूबाई आत आल्या. मी पहिल्यांदाच पदर बाजूला केला आणि त्यांना दाखवलं. त्यांनी एकदाच बघितलं आणि दारात जाऊन माझ्या नवऱ्याला हाक मारली, "अरे, ऑफिस राहू दे. रिक्षा आण, रिक्षा!"

दवाखान्यात पोचलो तेव्हा बाहेर ओळीने माणसं बसलेली होती. मला थेट आत नेलं. डॉक्टरांनी फुग्याचा रंग बघितला, पोटाला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. "इर्रिड्युसिबल झालाय," ते सिस्टरना म्हणाले. इर्रिड्युसिबल म्हणजे बाहेर अडकलेला, आत न जाणारा. आतडं तसंच अडकून राहिलं आणि त्याचा रक्तपुरवठा थांबला तर ते सडतं. मग जीवावर बेततं.

कॉटची पायाकडची बाजू विटा लावून उचलली. दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, हाताला सलाईन लावली. नवरा भिंतीला टेकून उभा होता. मी छताकडे बघत मुलींची नावं मनात घेत होते. अर्ध्या तासाने डॉक्टर आले. हळूहळू, कणीक मळावी तसा दाब देत राहिले. एकदम पोटात गुरगुरलं आणि ताण गेला.

"गेला आत," ते म्हणाले. आणि खुर्ची ओढून बसले. "आता सांगा. खाता काय तुम्ही?"

मी सांगितलं. अभिमानानेच सांगितलं, कारण वजन चौऱ्याहत्तर झालं होतं.

डॉक्टरांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. "तेल बंद करा असं मी म्हणालो होतो?"

"कमी करा म्हणालात."

"कमी म्हणजे किती, ते मी सांगितलं नाही. माझीही चूक झाली." एवढा मोठा डॉक्टर असं म्हणेल असं मला वाटलं नव्हतं.

मी तीन दिवस तिथे होते. रोज संध्याकाळी राउंडला आले की डॉक्टर थोडं थोडं समजावत. ते जसं आठवतं तसं लिहिते, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

वजनाला वजन धरलं तर तेलात पिठाच्या दुपटीहून जास्त कॅलरी असतात. कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी ऊर्जा. वापरली नाही की चरबी होऊन अंगावर बसते. म्हणून वजन उतरवायचं तर तेलाला आवर घालावाच लागतो. पण शरीराला ते मुळीच नको असं नाही. काही जीवनसत्त्वं तेलातच विरघळतात, तेलाशिवाय ती अंगी लागत नाहीत. कातडीला तेल लागतं. जेवणात थोडं तेल असलं की भूक लवकर पुन्हा लागत नाही. मी तेल सोडलं होतं, खाणं निम्म्यावर आणलं होतं आणि पाणीही पीत नव्हते. आतड्यात पुढे सरकायला काही उरलंच नव्हतं. मग शौच कडक, मग जोर, मग हर्निया.

"मग किती खाऊ?" या वेळी मी विचारलं.

"दिवसाला चहाचे चार चमचे. सपाट, शीग लावून नाही. फोडणी, भाकरीवरचं तूप, सगळं त्यातच. ज्या दिवशी कालवणात खोबरं किंवा चटणीत दाणे, त्या दिवशी दोनच चमचे. तळलेलं नाही. आणि पालेभाजी, डाळ, मासे, पाणी भरपूर." मग बोट उगारून म्हणाले, "हा तुमचा हिशोब आहे, तुमच्या वजनाचा आणि कामाचा. शेजारणीला वाटत बसू नका. तिचा तिला विचारू दे."

सासूबाई कॉटच्या कडेला बसून ऐकत होत्या. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "सुकट भाजून घातली तर चालेल काय? वर थोडं तेल सोडून?"

"चालेल की आजी. तेल मोजून सोडा."

डॉक्टर गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "मोजायचं होतं तर मला सांगायचं होतंस. तुझी भाजी तू वेगळी उकडत बसलीस. मी काय मोजत नाय काय? सहा माणसांच्यात एक पळी वाटली हाय मी."

मला हसू आलं आणि पोट दुखलं. मग रडू आलं. त्यांनी माझ्या फाटलेल्या तळपायांना खोबरेल चोळायला घेतलं. "हे तरी चालतं ना?" म्हणाल्या.

उरलेलं वजन उतरवायला डॉक्टरांनी दोन महिने दिले, ऑपरेशन त्यानंतर. पोटाला पट्टा बांधायचा, जड उचलायचं नाही, आणि पुन्हा फुगा अडकला तर मिनिटभरही थांबायचं नाही. सासूबाईंनी माझी वेगळी भाजी बंद केली. घरातल्या सगळ्यांचीच फोडणी चमच्याने मोजून होऊ लागली. पहिल्या आठवड्यात नवरा कुरकुरला, मग विसरून गेला. टाकळ्याची भाजी, आमटी, भाजलेली सुकट, एक वाटी भात, भाकरी. पाणी मी शाळेत बाटलीने न्यायला लागले. एसटीच्या पंचाइतीवर उपाय सोपा होता, तो म्हणजे शाळेतून निघताना आठवणीने जाऊन येणं. इतकी साधी गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळली होती.

वजन आता हळू उतरत होतं, आठवड्याला अर्धा किलो, कधी तेवढंही नाही. एका रविवारी काटा उलट पाव किलो वर गेला. पूर्वी मी त्या दिवशी उपाशी राहिले असते. या वेळी घरी येऊन जेवले. पोट रोज साफ होत होतं, चक्कर थांबली होती आणि सुजाता पुन्हा माझ्या पाठीला टेकून अभ्यासाला बसू लागली होती.

सत्तर किलोवर डॉक्टर हो म्हणाले. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, कार्डिओग्राम झाले. ऑपरेशनला पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा आणि पोटाचा भाग बधिर करतात. त्याला स्पायनल म्हणतात. मी जागी होते. पोटाशी कुणीतरी ओढतंय एवढंच कळत होतं. मधेच डॉक्टर म्हणाले, "बाई, टाके छान बसतायत." आयुष्यात मला पुष्कळांनी शाबासकी दिली असेल, पण ती मी विसरणार नाही.

दहाव्या दिवशी टाके निघाले. तीन महिने जड उचललं नाही. शाळेत परत गेले तेव्हा पुस्तक हातात धरून फळ्यापाशी उभी राहिले.

एवढं सगळं झाल्यावर लपवायचं काय? पालकांच्या बैठकीत आलेल्या बायकांना मी सगळं उघड सांगितलं. बैठक संपल्यावर चंद्राबाई मागे राहिली. वरच्या वाडीवरची, गुरं राखणारी, तिची मुलगी माझ्या तिसरीच्या वर्गात. पदर जरा सरकवून म्हणाली, "बाई, मला बी हाय. सात वर्सं झाली."

पुढच्या सोमवारी मी तिला घेऊन महाडच्या त्याच दवाखान्यात गेले. बाकावर ती अंग चोरून बसली होती.

"बाई, मला उपाशी ठेवतील काय? घरचं तूप हाय माझ्याकडं. बंद करायला लावतील?"

"उपाशी राहायचं नाही. मी तिथंच चुकले. कमी करायला सांगितलं तर किती, ते विचारायचं. विचारल्याशिवाय उठायचं नाही."

आत डॉक्टरांनी तिला तपासलं, वजन घेतलं आणि म्हणाले, "तूप जरा कमी करा."

चंद्राबाई स्टुलावरून हलली नाही. बाहेर रांग होती, डॉक्टरांचा हात घंटीकडे गेला होता.

"कमी म्हंजे किती?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी हात मागे घेतला, कागद पुढे ओढला आणि तिच्याकडे बघत सांगायला सुरुवात केली.