रोवणीच्या गाण्याला माईक मिळाला नाही

मंडळी, भंडाऱ्यातल्या कला महोत्सवातून आत्ताच घरी आलो. डोकं अजून तापलेलंच आहे.

माझी मावशी कोंढ्याहून तिच्या बायांना घेऊन रोवणीची, म्हणजे धान लावतानाची गाणी म्हणायला आली होती. दुपारपासून साऱ्याजणी स्टेजमागे बसून होत्या. पंजाबचा भांगडा झाला, आसामचा बिहू झाला, सिनेमाही दाखवून झाला. त्यानंतर पाहुण्यांची भाषणं काही संपेनात.

शेवटी संयोजक आले. "मावशी, टाइम संपला. तुमचं तं इथलंच हाये, लोकायनं आयकलेलंच हाये. फोटोले मात्र या."

मावशी म्हणाली, "काहून भाऊ, फोटोत गाणं आयकू येते का?"

ती उठली आणि बायांना घेऊन थेट खाण्याच्या स्टॉलकडे गेली. तिथंच त्यांनी माईकशिवाय गाणं धरलं. बिहूवाल्या पोरी हातातल्या प्लेटा खाली ठेवून त्यांच्यासोबत फेर धरायला आल्या. मग संयोजकही धावत आले आणि मोबाईल काढून व्हिडिओ घेऊ लागले!

तोच व्हिडिओ आता महोत्सवाच्या पेजवर फिरतोय. वर लिहिलंय, 'स्थानिक कलेला आमचं व्यासपीठ'.

कोणतं व्यासपीठ, हे कोणी सांगेल का मले?